आमच्या घरी ॲडमिन कोण?

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक ताईंनी मला अडवलं तेव्हा मी आधी हसलेच. केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. (आपल्याकडे इंग्रजी शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, तिथे सिस्टर असो की नसो!) एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत माझा अजूनही गोंधळ होतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. तेव्हा मित्रमैत्रिणींनो आणि सर-मॅडम, चुका पोटात घाला. पण विषय असा आहे की तो मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या व्यक्तीबद्दल आहे ती हे मासिक वाचणार आहे.

विषय आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा. हिंगणघाटला आमच्या समोरच्या खोलीत, कूलरच्या बाजूला, क्रोशाच्या रुमालाखाली तो असतो. २०१० मध्ये घेतला, मी पाच वर्षांची असताना. तो माझ्यासाठी घेतला असं घरातले सगळे सांगतात, पण ते खरं नाही. आईने त्या वर्षी एमएस-सीआयटी केलं होतं. २००१ मध्ये सुरू झालेल्या त्या कोर्सने महाराष्ट्रातल्या किती घरांत पहिल्यांदा कॉम्प्युटर आणला असेल, आठवून पाहा. तुमच्याही घरी कोणाचं तरी ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असेल. आमच्याकडे आईचं आहे, देवघराच्या वरच्या भिंतीवर. म्हणजे कॉम्प्युटर आईचा. मग तो बाबांचा झाला, मग ‘मुलांच्या अभ्यासाचा’ झाला, आणि मी इंजिनिअरिंगला लागल्यावर माझा झाला. कोणी तिला विचारलं नाही. मीही नाही.

ड्युअल कोअर, दोन जीबी रॅम, विंडोज ७. दुकानदाराने त्यात एकच अकाउंट करून दिलं होतं. नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड काहीच नाही. तेरा वर्षं घरातले सगळे, आलेगेले पाहुणे आणि गल्लीतले पोट्टे त्याच अकाउंटवर बसत होते.

सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांसाठी (रागावू नका) थोडं समजावून सांगते. हॉस्टेलात तुमच्याकडे तुमच्या खोलीची किल्ली असते आणि रेक्टर सरांकडे सगळ्या खोल्यांचा जुडगा. कॉम्प्युटरवरही तसंच असतं. साध्या यूजरकडे आपल्या खोलीची किल्ली, ॲडमिनिस्ट्रेटरकडे जुडगा. गोम अशी की तुम्ही जो प्रोग्राम चालवता त्याच्या हातात तुमच्याच किल्ल्या जातात. मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस तुम्ही साध्या अकाउंटवरून चालवलात तर तो तुमच्या खोलीत धुडगूस घालेल, तुमच्या फायली खाईल. जुडगा कमरेला लावून चालवलात तर अख्खं हॉस्टेल त्याचं. म्हणून शहाणी माणसं रोजचं काम साध्या अकाउंटवरून करतात आणि जुडगा लागेल तेव्हाच खिळ्यावरून काढतात.

मग सगळे असं का करत नव्हते? आपण भारतीय बेशिस्त वगैरे बोलायची फॅशन आहे, पण इथे दोष आपला कमीच. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. घरी ते टाकताना सुरुवातीला जी नावं लिहाल ती सगळी आपोआप ॲडमिनिस्ट्रेटर व्हायची, तीही पासवर्डशिवाय. ‘लिमिटेड’ नावाचं साधं अकाउंट होतं, पण त्यात धड काम होत नसे. त्या वेळचे कितीतरी प्रोग्राम आणि गेम आपल्या नोंदी थेट प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचे, आणि लिमिटेडवाल्याला तिथे लिहायची परवानगी नाही. प्रोग्राम बंद पडला की माणूस वैतागून पुन्हा ॲडमिन. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि त्याने उलटं टोक गाठलं, खुट्ट झालं की परवानगी विचारायचं. लोकांना न वाचता ‘येस’ दाबायची सवय लागली. ती सवय आजपर्यंत गेलेली नाही. आपल्या लॅबमध्ये बघा, पाटी पूर्ण उघडायच्या आधी क्लिक झालेलं असतं.

पासवर्ड असूनही तो ‘१२३४५६’ असेल तर काय उपयोग, हेही २००८ च्या शेवटी जगाला कळलं. कॉनफिकर नावाच्या वर्मने स्वतःसोबत सोप्या पासवर्डांची यादीच आणली होती, एकेक लावून पाहायचा. आणि जून २०१७ मधलं नॉटपेट्या आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचलं. एका कॉम्प्युटरच्या मेमरीत सापडलेले ॲडमिनचे पासवर्ड उचलून शेजारच्या कॉम्प्युटरवर उडी मारणं, ही त्याच्या पसरण्याची एक रीत. न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मेर्स्क समूहाचं टर्मिनल त्याने ठप्प केलं होतं. हे सगळं मी सेमिनारसाठी वाचलं आणि घरचा कॉम्प्युटर आठवून मला घाम फुटला.

२०२३ च्या दिवाळीत, इंजिनिअरिंगला लागल्यावर पहिल्यांदा घरी गेले ती या ज्ञानाचं पोतं घेऊनच. चिवडा भाजला जात होता तेवढ्या वेळात मी सगळा कारभार बदलला. आईचं साधं अकाउंट, बाबांचं साधं अकाउंट (बाबा त्यात आजपर्यंत एकदाही गेलेले नाहीत), भावाचं साधं अकाउंट आणि वर पॅरेंटल कंट्रोल, दिवसाला एक तास. ॲडमिनला चौदा अक्षरी पासवर्ड, त्यात डॉलर, हॅश, सगळं काही. तो फक्त माझ्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी आईने कॉम्प्युटर लावला आणि स्वयंपाकघरात मला हाक आली. “माय, माझे हिशेब कुठी गेले?” आई आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाची सचिव आहे. गटाची बचत, कोणाला किती कर्ज, कोणाचा किती हप्ता, हे सगळं ती एक्सेलमध्ये ठेवते. एमएस-सीआयटीमध्ये शिकलेलं एक्सेल, आणि माझ्यापेक्षा चांगलं. नव्या अकाउंटचा डेस्कटॉप कोरा होता. फायली गेल्या नव्हत्या, जुन्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये होत्या, पण साध्या यूजरला दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावता येत नाही. मी त्या काढून तिच्या फोल्डरमध्ये टाकल्या. दोन मिनिटांचं काम. पण तिचा चेहरा मला आठवतो. तिने विचारलं, “आता मी माझ्याच कॉम्प्युटरवर पाहुणी का?” मी म्हटलं, “आई, सिक्युरिटी असते.” कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हटलं की घरातले गप्प बसतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आता जुलै २०२४. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले होते. गल्लीतल्या बायका हमीपत्राच्या प्रती काढायला आणि कागद तपासून घ्यायला आईकडे येत होत्या. नेमका त्या आठवड्यात आमचा जुना प्रिंटर मेला. आई डगमगली नाही, गटातल्या एका काकूंच्या मुलाचा वापरलेला प्रिंटर विकत घेतला, केबल जोडली, सीडी टाकली. आणि स्क्रीनवर पाटी आली की पुढे जायला ॲडमिनचा पासवर्ड द्या.

माझी पहिल्या वर्षाची परीक्षा चालू होती आणि एम-टूचा पेपर डोक्यावर होता. फोन मी मैत्रिणीकडे देऊन टाकला होता, स्विच ऑफ करून. पेपर झाल्यावर लावला तर आईचे अकरा मिस्ड कॉल.

त्या दोन दिवसांत आई झेरॉक्सच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिली, बायकांचे कागद घेऊन. घरी कॉम्प्युटर, घरी प्रिंटर, आणि ती रांगेत. एक काकू तिथे हसून म्हणाल्या म्हणे, “घर तुमचं अन् कुलूप पोरीचं का?” आईने हे मला चिडून नाही सांगितलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. तिसऱ्या दिवशी रात्री माझा भाऊ, तेव्हा आठवीत, आईजवळ येऊन म्हणाला, “ताईच्या पासवर्डची कायले वाट पाहते?” आणि अर्ध्या तासात प्रिंटर सुरू. कसा? तर मी चौदा अक्षरं शोधत होते तेव्हा या महाशयांनी यूट्यूबवर एक व्हिडिओ पाहिला होता. दुकानदाराने दिलेली विंडोजची डीव्हीडी कपाटात होतीच. त्या डीव्हीडीवरून मशीन सुरू करून त्याने मे महिन्यातच स्वतःचं ॲडमिन अकाउंट बनवलं होतं, कारण एक तासाच्या मर्यादेत त्याचा गेम पूर्ण होत नव्हता. रीत मी इथे लिहिणार नाही, हॉस्टेलात आधीच काय कमी आहे! पण तत्त्व सांगते. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल आणि माणूस त्याच्यासमोर एकटा निवांत बसू शकत असेल, तर विंडोजचा पासवर्ड त्याला फार वेळ थोपवत नाही. पुढे दिवाळीत मी यादी उघडली तर त्या अकाउंटचं नाव त्याने ‘सिस्टिम३२’ ठेवलेलं. बाप्पा! नाव पाहून कोणाची हात लावायची हिंमत होऊ नये म्हणून.

म्हणजे हिशेब काय झाला? माझ्या पासवर्डने ज्याला अडवायचं त्याला एक दिवसही अडवलं नाही, कारण त्याच्याकडे वेळ होता. अडवलं फक्त आईला, कारण तिच्याकडे काम होतं.

तेव्हापासून मला वाटतं की आपण कॉम्प्युटरवाले दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. रोजचं काम जुडगा कमरेला लावून करू नये, ही एक. ती शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ती बदललेली नाही. जुडगा कोणाकडे असावा, ही दुसरी, आणि तिचं उत्तर ‘ज्याला कॉम्प्युटर जास्त कळतो त्याच्याकडे’ असं आपण गृहीतच धरलंय. घरोघरी बघा. कॉम्प्युटर, वायफायचा राउटर, टीव्ही, आईच्या फोनचं गुगल अकाउंट, सगळ्यांचे पासवर्ड घरातल्या मुलाकडे, आणि मुलगा नसेल तर माझ्यासारख्या मुलीकडे. ते पुण्याला नोकरीला जातात आणि घर त्यांच्या फोनची वाट बघत बसतं. आमच्याकडे तर मी नव्हते तेव्हा बाबा सहज म्हणून गेले होते, “अरे, पासवर्ड तिच्याऐवजी याच्याकडे द्यायला पाहिजे होता, घरचा मुलगा आहे.” मला याचा भयंकर राग आला. आणि राग ओसरल्यावर लक्षात आलं की आईचं नाव मलाही सुचलं नव्हतं आणि बाबांनाही.

माझी रूममेट आयटीची, आर्वीची. ती माझ्याशी या विषयावर दोन रात्री भांडली आहे. तिचं म्हणणं, “यार, उद्या कोणी फोन करून सांगेल मी बँकेतून बोलतोय, हे सॉफ्टवेअर टाका, आणि काकू टाकतील. मग?” भीती खोटी नाही. स्क्रीनचा ताबा घेणारे ॲप टाकायला लावून खाती रिकामी करतात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता. पण मी तिला विचारलं, फसवले गेलेले सगळे आयाच असतात का? शिकलेले, मोठ्या पदावरचे लोकही डिजिटल अरेस्टला बळी पडलेत. आणि माझी आई तर एवढ्या बायकांच्या कर्जाचा हिशेब एका रुपयाची चूक न करता ठेवणारी. पासवर्ड तिच्याकडे असला तरी ती साध्या अकाउंटवर असताना काहीही टाकायचं तर पाटी येणार, वही काढून चौदा अक्षरं टाइप करावी लागणार. तेवढ्या वेळात विचार करायला जागा मिळते. रूममेटला हे पटलेलं नाही. तिच्या घरचे पासवर्ड अजून तिच्याकडेच आहेत.

सेकंड इयरला लिनक्सच्या लॅबमध्ये पहिल्यांदा ‘सुडो’ टाइप केलं तेव्हा स्क्रीनवर एक छोटं भाषण आलं होतं. ॲडमिनचा अधिकार पहिल्यांदा वापरणाऱ्याला ते दिसतं आणि त्यातला पहिलाच मुद्दा आहे, दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टींचा मान राखा. व्हायरसबद्दल त्यात अक्षर नाही. मला ते तेव्हा गंमत वाटलं होतं. पण मुळात कॉम्प्युटरवर पासवर्ड आले तेच माणसांना एकमेकांपासून वेगळं ठेवायला. १९६१ च्या सुमारास एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाच्या सिस्टिमवर एकच मशीन अनेक जण वापरायचे, प्रत्येकाला ठरलेला वेळ आणि आपापल्या फायली. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला तो वेळ पुरेना, तर त्याने पासवर्डांची अख्खी फाइलच प्रिंट करून घेतली. माझा भाऊ मोठ्या परंपरेतला आहे, एवढंच म्हणेन.

आणि आपण राहतो कुठे? वर्ध्यात. एनएसएसच्या कॅम्पला सेवाग्रामला गेलो तेव्हा ‘विश्वस्त’ हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. आपल्या हाती जे आहे ते आपण दुसऱ्यांच्या वतीने सांभाळतोय, ही गांधीजींची कल्पना. त्याच दिवशी सरांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दाखवलं. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये ते दलितांसाठी खुलं केलं. दार उघडायचा अधिकार त्यांच्या हातात होता आणि त्यांनी तो उघडण्यासाठी वापरला. कुठे ते आणि कुठे माझा विंडोज ७, तुम्ही हसाल. पण मंदिराच्या पायरीवर उभी असताना माझ्या डोक्यात आईचे अकरा मिस्ड कॉल होते, हे खरं आहे.

तर आता आमच्या घरची व्यवस्था अशी. ॲडमिनचं अकाउंट वेगळं, रोज त्यावर कोणीही बसत नाही. मीही नाही. माझंही आता साधं अकाउंट आहे. ॲडमिनचा पासवर्ड आईने स्वतः ठेवला, मला माहीत नाही. तो तिने गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून गोदरेजच्या कपाटात, सातबारा आणि एलआयसीच्या कागदांसोबत ठेवलाय. पासवर्ड लिहून ठेवू नये असं आपल्याला शिकवतात. ऑफिसात कीबोर्डखाली चिकटवू नये हे बरोबर, पण घरात जिथे घराचे कागद सुरक्षित आहेत तिथे चौदा अक्षरंही सुरक्षित राहतात. ती हरवली तर म्हणून एका पेनड्राइव्हवर पासवर्ड रीसेट डिस्क करून तीही तिथेच. ‘सिस्टिम३२’ उडवलं, डीव्हीडी आईने जप्त केली. पॅरेंटल कंट्रोलचे तास आता आई ठरवते आणि ते माझ्यापेक्षा कडक आहेत. गटाची एक्सेल फाइल दर महिन्याला वेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी होते, कारण फायली खाणारा व्हायरस आला तर साधं अकाउंट त्या फायलींना वाचवत नाही.

एक गोष्ट सुटलेली नाही. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं, तेव्हा अकाउंट कितीही नीट लावा, भिंतीला भेगा आहेतच. बँकेचं काही त्यावर करायचं नाही, हे आईने मान्य केलंय. त्यावर लिनक्स टाकावं असं माझं मत, भावाचा गेममुळे विरोध, आणि आई म्हणते की मार्चचा हिशेब होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच.

या दिवाळीत मिनी प्रोजेक्टसाठी मला त्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर टाकायचं होतं, माझा लॅपटॉप दुरुस्तीला होता म्हणून. पाटी आली. मी आईला हाक मारली. ती हात पुसत आली, चष्मा लावला आणि विचारलं, “काय टाकून राहिली? कायले पाहिजे? किती जागा खाते?” मी सगळं सांगितलं. तिने ते नाव स्क्रीनवर स्वतः वाचलं, कपाटातून वही आणली, खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघत थांबली.

“काय झालं?” मी विचारलं.

“तिकडं पाहा ना,” आई म्हणाली. मी कूलरकडे तोंड करून उभी राहिले.